मदत हवी आहे: मीटरचा पल्स सेन्सर चुंबकाने फसू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. यांत्रिक पाण्याच्या मीटरला इलेक्ट्रॉनिक रीडिंगची जोड देतोय. रचना साधी आहे: फिरत्या चकतीवर छोटं चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जोडला जाणारा स्विच), फेरीला एक पल्स. बाउन्समुळे (जोडला जाताना स्विचचे संपर्क क्षणभर थरथरतात त्यामुळे) एकाच्या दोन पल्स येत होत्या, ते सॉफ्टवेअरमध्ये निस्तरलं.

खरी डोकेदुखी वेगळीच. बाहेरून निओडिमियमचं दमदार चुंबक लावलं की स्विच चिकटून राहतो. पाणी वाहतंय, आकडा मात्र ढिम्म! शिवाय चकती नेमकी स्विच जोडला-सुटण्याच्या काठावर थांबून मागेपुढे हलली, तर न वाहिलेलं पाणीही मोजलं जातं.

९० अंशांवर दोन स्विच लावले तर दिशा कळते, म्हणजे हलण्याचा प्रश्न मिटला. पण त्यात दोन्ही स्विच एकाच वेळी जोडलेले असणं ही रोजचीच स्थिती असते, मग चुंबक लावलंय हे ओळखायचं कसं? चकतीच्या चुंबकापासून दूर, फक्त छेडछाडीसाठी तिसरा स्विच लावावा का?

दुसरा पर्याय चुंबकच काढून टाकण्याचा: अर्धी धातूची चकती आणि वर एलसी कॉइल (कॉइल आणि कपॅसिटरचं, विद्युत कंपनं निर्माण करणारं सर्किट). धातू समोर आला की कंपनं लवकर विरतात, त्यावरून स्थिती कळते. मला हाच जास्त आवडलाय. फक्त कॉइल सतत तपासत राहावी लागते आणि सगळं बॅटरीवर चालवायचंय. एका फेरीत किमान किती वेळा तपासणी ठेवता? आणि बॅटरी बदलताना मोजणी कशी जपता?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा, सर्किट असेल तर उत्तमच.