विषय: मस्कत सहल, आईंची नऊवारी आणि मोठी मशीद

प्रेषक: अनघा

शैलजाताई, कालचं वेळापत्रक बघितलं. रविवारी सकाळी मोठी मशीद, म्हणजे सुलतान काबूस मशीद आहे. आई नऊवारीच नेसतात, सहावारी त्यांनी कधी नेसलेली नाही आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नेसणार नाहीत. नऊवारीत आत सोडतात का? काष्टा घातला की चालताना पोटऱ्या दिसतात, शिवाय पोलक्याची बाही कोपरापर्यंतच. धाकटे दीर शुक्रवारी पुण्याहून निघताहेत, तिकडून काही शिवून आणायचं तर आज रात्रीच सांगायला हवं. अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल झगा, तिथे भाड्याने मिळतो हे माहीत आहे. पण तो पायघोळ, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात काहीही अडकलेलं त्यांना चालत नाही. कुणी नऊवारीतल्या बाईंना अशा ठिकाणी नेलं असेल तर कृपया कळवा.

प्रेषक: शैलजा (सहल समिती)

अनघा, नियम सरळ आहे. बायकांचे केस झाकलेले, हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, कपडे सैल आणि अंग न दिसणारे. पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही, हे यंदा आधीच सांगून ठेवते. मुस्लिमेतर लोकांना शनिवार ते गुरुवार सकाळी 8 ते 11 एवढाच वेळ आत सोडतात, शुक्रवारी अजिबात नाही. दारातून परत पाठवलं तर हॉटेलवर जाऊन कपडे बदलून येईपर्यंत अकरा वाजून जातील. आईंची दगदग नको, त्यांनी बाहेर बागेत बसावं. मी स्वतः त्यांच्याजवळ थांबेन.

प्रेषक: प्रकाशकाका

मस्कतबद्दल काही ठरवायच्या आधी आम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. आमचा पहिला संसार मस्कतमधल्या रुवी भागातला. सौ. रोज साडीत मत्रहच्या बाजारात जायची, मासळी घ्यायची, घासाघीस करायची. तिच्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. अर्धी रुवी आपल्याच लोकांची होती. ओमानी माणूस अतिशय अदबशीर. आजींना बागेत बसवायचा विचार मनातून काढून टाका.

प्रेषक: मेधा

काका, तुम्ही रुवीत होतात तेव्हा ही मशीद उभीच नव्हती. सुलतान काबूस मशीद 2001 मध्ये खुली झाली. बाजारात साडी चालते यावर वादच नाही, प्रश्न मशिदीच्या दाराचा आहे.

दुसरं, मागच्या मीटिंगमध्ये इराणचं सामान भरावं तशी यादी कुणीतरी सांगितली, तेव्हापासून निम्म्या बायका घाबरल्यात. इराणमध्ये डोकं झाकायचा कायदा आहे, पाहुण्या बायकांनाही. हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीचा 2022 मध्ये मृत्यू झाला ते आपण सगळ्यांनी वाचलंय. ओमानमध्ये पाहुण्यांसाठी तसा कायदा नाही. रस्त्यावर, हॉटेलात, किल्ल्यात डोकं उघडं चालतं. खांदे आणि गुडघे झाकले की पुरे, पंजाबी ड्रेस तर उत्तमच. सौदीनेसुद्धा 2019 मध्ये पर्यटक व्हिसा सुरू करताना परदेशी बायकांवर अबायाची सक्ती नाही असं जाहीर केलं. सगळे मुस्लिम देश एका पिशवीत भरू नका.

आणि शैलजाताई, आईंना बाहेर ठेवायचं म्हणजे काय? त्या क्रोशाच्या बाई आहेत. आतला गालिचा एकसंध आहे, सत्तर मीटर लांब, साठच्या वर रुंद. इराणातल्या खोरासानच्या सहाशे बायकांनी चार वर्षं खपून विणलाय. 170 कोटी गाठी! तो बघायचा हक्क आपल्या सगळ्यांत कुणाचा असेल तर त्यांचा आहे.

प्रेषक: ऋचा

मेधामावशीला पूर्ण अनुमोदन. माझा प्रश्न वादी शाबचा, म्हणजे त्या पाण्याच्या दरीचा. तिथे होडीतून पलीकडे गेल्यावर पाऊण तास चालायचं, मग डोहांतून पोहत गुहेतल्या धबधब्यापर्यंत. यादीत फक्त "साधे कपडे" लिहिलंय. पोहायला काय घालायचं? आम्ही चौघीजणी पोहणार आहोत. आणि प्रत्येक सूचना बायकांनाच का? दुबईच्या सहलीत बाबालोक बनियनवर लॉबीत बसले होते, त्याबद्दल कुणी मेल पाठवली नव्हती.

प्रेषक: प्रकाशकाका

मेधा, मशीद नंतरची हे मान्य, पण माणसं तीच आहेत. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वराचं देऊळ आहे. सुलतानाच्या राजवाड्याशेजारी आपला महादेव, महाशिवरात्रीला केवढी रांग लागते! ते वेळापत्रकात नाही, हे मला खटकलं. आजी तिथे नऊवारीत थेट गाभाऱ्यासमोर उभ्या राहतील.

प्रेषक: वंदना

अनघा, माझ्या आईला आम्ही इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नऊवारीतच नेलं होतं, म्हणून हे खात्रीने लिहिते. आतून पांढरा सुती चुडीदार. घोट्यापाशी चुण्या पडतात, त्यामुळे काष्टा कितीही वर सरकला तरी कातडी दिसत नाही. लेगिंग नको, ते अंगाला चिकटतं, आणि दाराशी नेमकं तेच बघतात. पोलकं मनगटापर्यंत बाहीचं आणि कमरेखाली चार बोटं लांब शिवून घे, म्हणजे पोट आणि पाठ दोन्ही झाकतात. काखेत सैल ठेवायला सांग, नाहीतर हात वर करता येत नाही. पदर एरवी त्या डोक्यावरून घेतातच, पण रेशमी पदर निसटतो आणि कानाजवळचे केस दिसतात. आधी सुती ओढणी कपाळापासून बांधायची, वरून पदर, आणि दोन्ही कानांमागे एकेक सेफ्टी पिन. इरकल नेसवा, जाड असते, आरपार दिसत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा पायात मोजे. निळ्या मशिदीतल्या बाईंनी आईचा पदर स्वतः नीट करून दिला होता.

प्रेषक: शैलजा (सहल समिती)

आईंना डावलायचा माझा हेतू नव्हता. चाळीस माणसं घेऊन दारात उभं राहायचं असतं, ती काळजी समितीलाच करावी लागते. वंदनाची कल्पना चांगली आहे. अनघा, असा पोशाख करून आईंचा समोरून आणि मागून फोटो आज संध्याकाळी मला पाठव. मी तो मस्कतच्या गाइडला दाखवून विचारते. तो रोज त्या दाराशी उभा असतो, त्याचा शब्द आपल्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा पक्का.

ऋचा, वादीत पोहण्याच्या पोशाखावर सैल टीशर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट, ओल्या अंगाने परत येताना वरून कुर्ता. गावकरी कुटुंबं मुलाबाळांसकट तिथे येतात. बिकिनी हॉटेलच्या तलावापुरती. पुरुषांनी उघड्या अंगाने वादीतून फिरायचं नाही, हेही यादीत घालते.

प्रेषक: अनघा

फोटो पाठवलेत. चुडीदार माझाच चढवला, चुण्या जरा जास्त पडल्यात. आई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पाय मोकळा आहे ना, मग काही म्हणणं नाही." मेधा, गालिच्याचं वाचून दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, गाठ इराणी की तुर्की? मला काय माहीत! कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

प्रेषक: शैलजा (सहल समिती)

गाइडचा निरोप आला: चालेल. ओढणी काळजीपूर्वक बांधा आणि पोलक्याची बाही मनगटाच्या हाडापर्यंत येऊ द्या, एवढंच त्याचं म्हणणं. अनघा, दिरांना माप लगेच कळव. काका, मोतीश्वर सोमवारी दुपारी बसवलंय, पण बस राजवाड्यापाशी थांबवता येते का ते तुम्ही बघा. शुक्रवारी निझवा गावचा बकऱ्यांचा बाजार सकाळी लवकर आटोपतो, बस पहाटे साडेचारला निघेल. तिथे जमिनीवर शेण आणि ओलं गवत असतं, त्यामुळे पायघोळ काही घालू नका. बंद बूट आणा.