अनुभव धागा : तेलाच्या बाटलीचा बर्ड फीडर

शेजारच्या ओट्यावर दादर ज्वारीची कणसं टांगलेली दिसली आणि जुने फीडर आठवले. एक लिटरची बाटली, दोन लाकडी चमचे, तार, बस. तळापासून चार बोटांवर चमचा आरपार घाला. दांड्याकडचं भोक दांड्याएवढंच, खोलगट बाजूचं थोडं मोठं, म्हणजे दाणे चमच्यात ओघळतात. दुसरा चमचा त्याच्या वर, काटकोनात. बुडाला तापल्या दाभणाने चार-पाच भोकं हवीतच, नाहीतर पाणी साचून बाजरी बुरसते. तुमचे प्रयोग लिहा.

—

सुतळीने टांगू नका भो, खार कुरतडते. तारच घ्या.

—

ताई, भोक मोठं म्हणजे किती? इथे अर्धा किलो ज्वारी अंगणात सांडलीय 😅

—

दाणा मावेल आणि वर थोडी जागा राहील एवढंच. चमचा बाहेरच्या बाजूला कलला असेल तरी सांडते, आधी ते बघा.

—

पेरणीतून उरलेलं बियाणं अजिबात भरू नका! गुलाबी-हिरवा रंग असतो ना, ते औषध लावलेलं असतं. पाखरं मरतात. शेव-फरसाणही नको, मीठ असतं.

—

आमच्याकडे चमचे गेले म्हणून सासूबाई फीडरकडे रोज रागाने बघतात

—

😂 करवंटी घ्या की. तीन भोकं, तीन तारा, बुडाला एक भोक. पण वारा आला की उलटते, त्यामुळे मूठभरच दाणे.

—

पारव्यांचं काय करायचं? चिमण्यांना उभंच राहू देत नाहीत.

—

बसायला रुंद जागा दिली की पारवे येणारच. खाली ताटली लावली असेल तर काढा. चमच्याचा दांडाही दोन बोटंच बाहेर ठेवा.

—

काचेच्या खिडकीपासून हातभर अंतरात टांगा. सात-आठ फुटांवरून उडालेलं पाखरू वेगात काचेवर आपटतं, जवळून तेवढा वेग येत नाही.

—

20 मार्चला चिमणी दिनाचे फोटो टाकायचे आणि मे महिन्यात विसरायचं. भुसावळ-जळगावच्या उन्हात दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, मध्ये खापराचा तुकडा. रोज ब्रशने घासा, शेवाळ धरतं. बाटलीही सावलीत, उन्हात प्लॅस्टिक तडकतं.

—

ते सगळं ठीक, दादर कुठून आणली? भाकरीला हवी होती.

—

तापीकाठची आहे म्हणे. विचारून सांगते, दोन पायली चालेल?

—

चालेल. आणि ताई, दाभण पक्कडीत धरून तापवा, बोटं भाजतील.