स्पेनमधलं एक शहर, मित्रमंडळी आणि बेताचा खिसा : तुमचा एक दिवस लिहा

येत्या एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण तीन मैत्रिणींबरोबर स्पेनला जातेय. चौघीही विद्यार्थिनी, पैसे मोजून नेणाऱ्या. तिला काय काय सांगू म्हणून बसले, तर माझ्या गाठीशी एकाच शहराचा एकच दिवस निघाला. तुमच्यापैकी कितीतरी जण तिकडे शिकताहेत, नोकरीला आहेत, मुलांकडे जाऊन आलेत. तेव्हा एक शहर आणि एक दिवस निवडा. पैसे कुठे वाचले, कुठे वाया गेले, काय खाल्लं, सगळं लिहा. राहण्याचा खर्च धरू नका. सुरुवात मी करते.

माद्रिद, ऑक्टोबरमधला रविवार

आम्ही पाच जण. प्रत्येकी 30 युरो कॉन्ट्री काढली आणि सगळी रोकड एकीच्या हवाली केली. मेट्रोसाठी लाल 'मुल्ती' कार्ड घेतलं. कार्डाचे अडीच युरो, वर 10 फेऱ्या भरल्या. ते कोणा एकाच्या नावाचं नसतं, त्यामुळे पाचही जण एकामागून एक तेच कार्ड टेकवून आत गेलो. दिवसभरात दोनदाच मेट्रो धरली, बाकी सगळं पायी.

बहिणीला मी एकच गोष्ट बजावून सांगणार आहे : शक्य असेल तर माद्रिदला रविवार काढ. सकाळी 'रास्त्रो'चा रस्त्यावरचा जुना बाजार. दुपारी साडेबारा ते अडीच राइना सोफिया संग्रहालय फुकट आणि संध्याकाळी 5 ते 7 प्रादो हे चित्रसंग्रहालय फुकट. (इतर दिवशी प्रादोची फुकट वेळ संध्याकाळी 6 ते 8, राइना सोफियाची 7 ते 9, आणि मंगळवारी राइना सोफिया बंद.) रांगा लांब असतात, पण भराभर सरकतात.

राइना सोफियात आम्ही बाकी सगळं सोडून 'गेर्निका'समोर उभे राहिलो. जवळजवळ 8 मीटर लांबीचं चित्र, रंग फक्त काळा, पांढरा, करडा. 1937 साली गेर्निका गावावर बॉम्ब पडले, त्यावर पिकासोनं काढलेलं. स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत ते तिकडे न्यायचं नाही असं त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून ते न्यूयॉर्कलाच राहिलं आणि 1981 मध्ये स्पेनला आलं. पुस्तकात हे चित्र अनेकदा पाहिलं होतं, पण घोड्याच्या अंगावरच्या बारीक आखूड रेघा कधी दिसल्या नव्हत्या. वर्तमानपत्राच्या छापील ओळींसारख्या, एकीखाली एक. ती बातमी जगाला पेपरातूनच कळली होती, हे त्या रेघा बघताना एकदम जाणवलं. आमच्यातली सतत बडबडणारी मैत्रीण बाहेर पडल्यावरही बराच वेळ गप्प होती.

जेवण प्लाझा मायोरजवळच्या गल्लीत, उभ्यानंच. 'बोकादियो दे कालामारेस' म्हणजे तळलेल्या माकुळाच्या कड्या पावात. मालवणचा मित्र दोन खाऊन म्हणाला, "चटणी हवी होती, पण माकुळ उत्तम." प्रादोत दीड तास फक्त वेलाझ्केझ आणि गोया या चित्रकारांची चित्रं बघितली, आणि तिथून सरळ देबोदचं देऊळ गाठलं. हे खरंखुरं इजिप्शियन देऊळ. आस्वान धरणामुळे बुडणारी स्मारकं वाचवायला स्पेननं मदत केली, म्हणून इजिप्तनं 1968 साली ते भेट दिलं. त्याच्या अंगणातून सूर्यास्त बघायचा, फुकट. रात्री कॉन्ट्रीतले 38 युरो उरले होते.

बार्सिलोना

कार्डाचं वर वाचलं म्हणून मुद्दाम लिहितो. माद्रिदवरून आम्ही चौघं बार्सिलोनाला गेलो आणि तसंच समजून 10 फेऱ्यांचं एकच 'टी-कॅज्युअल' घेतलं. ते एकट्यापुरतं असतं, चौघांत वाटून वापरता येत नाही. चूक आमचीच, खरेदीआधी वाचायला हवं होतं. गटासाठी 'टी-फॅमिलियार' हे वेगळं तिकीट आहे, त्यावर 8 फेऱ्या असतात. साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट परवडत नसेल तरी समोरच्या बागेतल्या तळ्याकाठी तासभर बसा. येशूजन्माची दर्शनी बाजू तिथूनच दिसते, आणि तिचं बरंचसं काम खुद्द वास्तुकार गाउदीच्या देखरेखीखाली झालं.

सेव्हिया, जानेवारीची अखेर

आम्ही बँकेतून निवृत्त झालेले चार मित्र. मुलीकडे जर्मनीत आलो होतो, तिनंच विमानाची स्वस्त तिकिटं काढून दिली.

शहरभर रस्त्याकडेला संत्र्यांची झाडं, फळांनी लगडलेली. आम्ही नागपूरकर, मोह आवरला नाही. एकानं खाली पडलेलं फळ सोललं, पहिल्याच फोडीला तोंड कडू झालं. ती मुरंब्याची जात, नुसती खायची नाही. पण पाटीवर 'नारान्हा' वाचलं आणि फार आनंद झाला. आपला 'नारंग' फारसी, अरबी करत करत तिथवर पोचलेला शब्द!

प्लाझा दे एस्पान्या 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला चौक. अर्धवर्तुळात 48 कोनाडे, प्रत्येक एका प्रांताचा, रंगीत फरशांवर त्या प्रांताच्या इतिहासातला प्रसंग. आम्ही अर्धा दिवस तिथेच घालवला, एक पैसा न देता. 1785 साली स्थापन झालेला 'आर्चिवो दे इंदियास' हा दप्तरखानाही फुकट. लाकडी मांडण्यांतल्या दप्तरांच्या रांगा बघून आम्हा जुन्या कारकुनांचं मन भरून आलं.

चुकलो ते जेवणात. संध्याकाळी 6 वाजता भूक लागली आणि सगळी स्वयंपाकघरं बंद. दुपारचं जेवण चारपर्यंत, रात्रीचं साडेआठनंतर. पथ्याच्या, औषधाच्या वेळा असणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवाच. रात्री पालक-छोले मिळाले, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस'. त्यात जिऱ्याचा वास आला आणि चौघांनीही पुन्हा मागवले.

वरच्या काकांना दुजोरा

मी जुलैत गेले होते सेव्हियाला. पारा चाळिशीच्या वर. दुपारी 2 ते 7 बाहेर पडणं अशक्य, अर्धा दिवस खोलीत गेला. बहिणीला एप्रिल चांगला आहे.

ग्रानादा, डिसेंबर

आम्ही तिघी, मी शाकाहारी. अल्हाम्ब्रा या इथल्या जुन्या किल्ल्याची तिकिटं काही आठवडे आधीच काढावी लागतात. आम्ही तीन दिवस आधी बघितलं, एकही शिल्लक नव्हतं. रडकुंडीला आले होते.

तरी चढून गेलो. वाटेत दगडी कमान लागते, 'पुएर्ता दे लास ग्रानादास', डाळिंबांचा दरवाजा. ग्रानादा म्हणजेच डाळिंब. कमानीवर उकललेली तीन डाळिंबं कोरलीत. सांगोल्याच्या मैत्रिणीच्या घरची बाग आहे, ती मान वर करून बघतच राहिली. पुढे कळलं, की किल्ल्याच्या काही भागात तिकीट लागतच नाही. न्यायाचा दरवाजा आणि पाचव्या कार्लोसचा महाल, बाहेरून चौकोनी आणि आत गोल चौक, हे दोन्ही नीट बघता आलं.

खाण्याचा खर्च इथे सगळ्यात कमी. पेय मागवलं की त्याबरोबर छोटी बशी फुकट येते. दारूच हवी असं नाही, मी 'मोस्तो' म्हणजे द्राक्षाचा रस घेत होते. पण बशीत काय येईल ते तेच ठरवतात, आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ट्युना येतो. "सोय वेहेतारियाना, नी हामोन, नी आतून" (मी शाकाहारी, हॅम नको, ट्युनाही नको) एवढं पाठ करा. हे म्हटल्यावर आली ती बशी मी विसरणार नाही : वांग्याचे तळलेले काप, वर काळसर दाट धार. चाटून बघितलं तर काकवी! ते तिला उसाचा मध म्हणतात. आजीकडे काकवी भाकरीशी खाल्ली होती, वांग्याशी कधीच नाही, पण जमते.

संध्याकाळी आल्बाइसिनच्या चढणीनं सान निकोलासच्या कट्ट्यावर गेलो. समोर अख्खा अल्हाम्ब्रा, मागे सिएरा नेवादाचा बर्फ. ऊन उतरलं तसा किल्ला आधी लाल झाला, मग बर्फ गुलाबी. शेजारी कोणीतरी गिटार वाजवत होतं, त्याच्या टोपीत दोन युरो टाकले. ते धरून तिघींचे मिळून 41.