परकीय सैन्याच्या ताब्यात जगताना सामान्य माणसानं किती जुळवून घ्यावं?

अबोली: दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं व्यापलेल्या देशांबद्दल वाचतेय आणि एका प्रश्नापाशी अडकलेय. घरात लहान मुलं आहेत, हातात शस्त्र नाही आणि रस्त्यावर परक्यांचे सैनिक आहेत. अशा वेळी संचारबंदी पाळणं, मागतील तेव्हा ओळखपत्र दाखवणं म्हणजे शरण जाणं का?

जुना_वाचक: जीव आधी. नाझी अधिकारी हायड्रिखच्या हत्येनंतर जून १९४२ मध्ये जर्मनांनी चेक भूमीतलं लिडिट्से गाव जमीनदोस्त केलं, पुरुषांना गोळ्या घातल्या. हल्ला करणारे त्या गावचे नव्हतेच.

खडूफळा: संचारबंदी पाळावी, रेशनच्या रांगेत उभं राहावं. त्यात कसली शरम? माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याचा घात करायला आपला हात मागितला, तर तो देऊ नये. आणि तो हात बहुधा एखाद्या साध्या कागदावरच मागतात. १९४० च्या शरदात नेदरलँड्समधल्या सरकारी नोकरांकडून वंशाचं घोषणापत्र भरून घेतलं. एक फॉर्मच तर होता, जवळपास सगळ्यांनी भरला. नोव्हेंबरमध्ये ज्यू कर्मचारी कामावरून दूर केले गेले.

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून नॉर्वेचे शिक्षक माझ्या मनातून जात नाहीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांना सामील असलेल्या क्विस्लिंगच्या राजवटीनं नवी शिक्षक संघटना काढली आणि सदस्यत्व सक्तीचं केलं. मुलांना नाझी साच्यात घडवायचं होतं. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रं आपापल्या नावानं पाठवली: हे माझ्या विवेकाला पटत नाही, मी सदस्य नाही. मार्चमध्ये सुमारे १,१०० जणांना अटक झाली. त्यांतल्या शेकडोंना पार उत्तरेला, किर्केनेसला सक्तमजुरीला धाडलं. तरी ते बधले नाहीत. वर्ष संपायच्या आत ते घरी परतले, संघटनेचा बेतही बारगळला.

कलम_४५: कायद्याचं सांगतो. ताब्यातल्या लोकांना शत्रूशी निष्ठेची शपथ घ्यायला भाग पाडण्यास युद्धाबद्दलच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांतच मनाई आहे.

अबोली: पण खडूफळा सर, त्या शिक्षकांच्या घरी चूल कशी पेटत होती?

खडूफळा: लोकांनी गुपचूप पैसे जमवून त्यांच्या कुटुंबांना पोचवले. पत्र लिहिण्याइतकीच जोखीम त्यातही होती, आणि त्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत.