मदत हवी आहे: स्टेनलेस दमास्कसचे थर पाणी दिल्यावर टोकाकडं सुटतायत

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात उद्यमनगरात स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतो. १०९५ आणि १५एन२० या दोन कार्बन पोलादांचे थर जोडून होणारं नक्षीचं कार्बन दमास्कस आता हातात बसलंय. थप्पी तापवायची, टाकणखार टाकायचा, प्रेसखाली घ्यायची, जोड धरतो. अडचण येते ती गिऱ्हाइकाच्या घरी. माझी बरीच विक्री घाटाखाली आहे. मालवण-रत्नागिरीकडं रोजची मासळी, कोकम, लिंबू आणि वर खारी हवा. सुरी पुसून ठेवली तरी पात्यावर तांबूस डाग धरतो. ज्या बाईंना दिवसातून दोनदा मासे कापायचेत, त्यांनी सुरीला तेल लावत बसावं हे मला पटत नाही. म्हणून नक्षी तशीच पण न गंजणारं पातं करायचं ठरवलंय.

रचना अशी आहे: मधे धारेसाठी एईबी-एलचा (कडक होणारं स्टेनलेस) गाभा आणि दोन्ही अंगांना ३०४ (कडक न होणारं, भांड्यांचं स्टेनलेस) व एईबी-एलचे आलटून पालटून थर. टाकणखाराचा इथं उपयोग नाही, कारण स्टेनलेसवर तापताच क्रोमियम ऑक्साईडची पापडी धरते आणि ती त्यात विरघळत नाही. फ्लोराईडवालं फ्लक्स (जोड साफ करणारी पूड) ती विरघळवतं, पण त्यातून हायड्रोजन फ्लोराईडचा धूर निघतो. माझ्या शेडला लागून दुसऱ्यांच्या शेडी आहेत, पोरं काम करतात. ते फ्लक्स मी आणणार नाही, त्यामुळं तो सल्ला कृपया देऊ नका.

म्हणजे मग हवा बाहेर ठेवणं एवढाच मार्ग. पत्रे सपाट घासून, अॅसिटोननं पुसून, बोट न लावता रचतो आणि चारी कडा टिग वेल्डिंगनं बंद करतो. गॅसच्या भट्टीत ११५० अंशाला सगळा गठ्ठा आतपर्यंत सारखा तापू देतो, मग प्रेसचा पहिला दाब अगदी हलका. घण वापरत नाही, तिरका घाव बसला की थर घसरतात. साडेनऊशेच्या खाली आलं की थांबतो, पुन्हा भट्टीत. कार्बन स्टीलसारखं हे चेपत नाही. तेवढ्याच तापाला प्रेस चांगलीच कण्हते.

इथपर्यंत सगळं ठीक दिसतं. घासताना कुठं रेघ नाही. हार्डनिंगला, म्हणजे पाणी द्यायला, १०७० अंश, मग अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांत दाबून थंड. पाट्यांत असतानाच बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. पातं काढून बघितलं की टोकाकडं गाभा आणि पहिला ३०४चा थर यांच्यामधे केसासारखी रेघ. नख फिरवलं की अडकतं.

प्रश्न असा की जोड मुळात कच्चा होता, की पक्का होऊन पाणी देताना सुटला? दोन्हींचा इलाज वेगळा आहे. आपल्याकडं ओतकामातलं काही विचारा, शिरोलीत रात्री दोनलाही उत्तर मिळेल. हे थरांचं काम केलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

शिरोलीकर:

अंदाज बांधत बसू नका, तुकडा तोंड उघडून सांगेल. सुटलेल्या रेघेत पातळ छिन्नी घालून थर पूर्ण उचकटा आणि आतला भाग उन्हात बघा. करडा-हिरवट, मेलेला रंग दिसला तर तिथं हवा गेली होती, जोड धरलाच नव्हता. चकचकीत आणि ओरबाडल्यासारखा दिसला तर जोड धरला होता, नंतर ताणानं फाटला.

दुसरं, ३०४ कुठून आणलं? भांड्यांच्या पत्र्यात ३०४ म्हणून २०२ गळ्यात पडतं. ३०४ मधे निकेल ८ टक्क्यांच्या वर असतं. २०२ मधे ते ४ ते ६ आणि मँगनीज भरपूर. चुंबकानं दोन्हीतला फरक कळत नाही. फौंड्रीत ओळख असेल तर एक तुकडा ठिणगीच्या स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) मारून घ्या. एईबी-एलही त्यावरच तपासा. हातात धरायची एक्स-रे गन क्रोमियम-निकेल दाखवते, पण कार्बन तिला दिसत नाही, आणि तुमची सगळी धार कार्बनवर आहे. ३०३ चुकूनही घेऊ नका, त्यात मशिनिंगसाठी गंधक घातलेलं असतं.

सांगलीची धातुवाली:

मी धातुशास्त्र शिकवते, सुऱ्या बनवत नाही. पण तुमच्या ‘टक्’चं कारण बहुतेक सांगता येईल.

१०७० अंशाला तुमचे दोन्ही पोलाद ऑस्टेनाईट अवस्थेत (पोलादाची तापलेली, मऊ रचना) असतात, जवळपास सारखेच फुगलेले, भांडण नसतं. थंड होताना ३०४ शेवटपर्यंत ऑस्टेनाईटच राहतं आणि आकसतच जातं. एईबी-एल मात्र खालच्या तापमानाला मार्टेन्साईट (कडक रचना) होऊ लागतं आणि त्या बदलात ते फुगतं. म्हणजे पाट्यांत असताना एक थर आखडतोय आणि त्याला चिकटलेला दुसरा पसरतोय. सगळा ताण त्या जोडावर, आणि कडेला तो सर्वांत जास्त. म्हणून रेघ टोकाला उघडते, मधे नाही. पुढं टेम्परिंगलाही (कडक पातं पुन्हा थोडं तापवून चिवट करताना) तीच कुरबुर राहते: ३०४चा प्रसरणांक १७च्या आसपास, मार्टेन्सिटिक स्टेनलेसचा १० ते ११ (दर मीटरला, दर अंशाला इतके मायक्रॉन).

स्वीडनमधली डॅमास्टील कंपनी पावडरपासून असंच स्टेनलेस दमास्कस बनवते. त्यांच्या आरडब्ल्यूएल-३४ आणि पीएमसी-२७ या जोडीत दोन्ही मार्टेन्सिटिक आहेत, दोन्ही बरोबरच कडक होतात आणि बरोबरच फुगतात. नक्षी उठते ती मुख्यतः एकात ४ टक्के मॉलिब्डेनम आहे म्हणून. तुम्हाला तसा दुसरा पोलाद मिळाला तर हा प्रश्न मुळातूनच जाईल.

३०४च ठेवायचं असेल तर गाभा आणि ३०४ यांच्यामधे शुद्ध निकेलचा पातळ पत्रा घालून बघा. त्याचा प्रसरणांक १३च्या आसपास, दोघांच्या मधला. शिवाय कार्बन त्यातून सहज जात नाही. हे दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ११५० अंशाला कार्बन पातळ थरांमधून भराभर सरकतो, क्रोमियम जागचं हलत नाही. गाभ्यातला कार्बन ३०४ मधे गेला तर धार मऊ होते आणि ३०४ मधे कार्बाईड धरून तिथंच गंजाची रेघ येते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हातचं जायचं.

आणि दादा, पाणी देण्याआधी पातं अंतिम आकाराला आणू नका. चारी बाजूंनी थोडी कड जास्त ठेवा. सुटलीच रेघ तर ती घासून जाणाऱ्या भागात सुटेल. पाट्यांतून काढल्यावर हाताला सोसवेल इतपत गार झालं की लगेच टेम्परिंगला टाका, १८० अंशाच्या आसपास, दोनदा.

धागाकर्ता:

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. थर उचकटून बघितला. टोकाच्या अगदी कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा हिरवट पट्टा आहे. त्याच्या पुढं सगळं चकचकीत, फाटल्यासारखं. म्हणजे दोन्ही गोष्टी आहेत. कोपऱ्यात हवा गेली, तिथं जोड कच्चा राहिला आणि पाणी देताना फाट तिथूनच पुढं धावली असं मला वाटतं. बिलेट (जोडलेली थप्पी) धरायला जो गज वेल्ड करतो तो नेमका याच कोपऱ्याशी येतो.

अजून एक: फोर्जिंग झाल्यावर मुठीला भोक पाडताना ड्रिल बसतच नाही, बिट जळतात.

शिरोलीकर:

गज एईबी-एलच्या थरावर लावला असेल तर तो जोड तडकणारच. ते पोलाद हवेतच कडक होतं, वेल्डच्या शेजारी भेग पडते आणि प्रेसखाली गज पिरगळला की तिथून हवा आत शिरते. थप्पीचे सगळ्यात बाहेरचे दोन पत्रे ३०४चे ठेवा, गज त्यावर लावा, भरणीला ३०९एलची (स्टेनलेसची) वेल्डिंग कांडी घ्या. कडा बंद करण्याआधी थप्पी थोडी गरम करा. वेल्ड झालं की डायपेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून पिनहोल बघा, मगच भट्टीत.

ड्रिलचंही तेच कारण. भट्टीतून काढून जमिनीवर ठेवलं की गाभा आपोआप कडक होतो. गार झाल्यावर ७५० अंशाला दोन तास ठेवा, मग भोक पाडा.

सांगलीची धातुवाली:

७५० अंश हे ३०४साठी वाईट तापमान आहे, कार्बाईड धरतात. पण घाबरू नका, १०७०ला ते पुन्हा विरघळतात. फक्त तिथून पाट्यांत नेताना वेळ घालवू नका. गंजाची खात्री करायची तर तयार पात्याचा एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि भिंग घेऊन थरांच्या रेघा बघा.

धागाकर्ता:

निकेलचा पत्रा मागवतो आणि गजाची जागा बदलतो. मिठाच्या पाण्यासोबत एक तुकडा कोकमाच्या आगळातही ठेवणार आहे, माझ्या गिऱ्हाइकाची परीक्षा तीच आहे.

आता एकच विनंती राहिली. गॅसच्या भट्टीत १०७० अंश सगळ्या पात्यावर सारखं धरणं अवघड जातंय. टोक आणि टाच यांच्या रंगात फरक दिसतो. कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीत डायवाल्यांसाठी व्हॅक्यूम भट्टी चालवणारे, दोन-चार पाती त्यांच्या बॅचमधे घालू देणारे कुणी माहीत असतील तर व्यनि करा. तापमान जुळणारी बॅच लागेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.