पाकोळ्यांसाठी भिंतीवर पेट्या लावणं: खरी मदत की नुसतं मनाचं समाधान?

मुक्ता_रेडिंग:
एप्रिलमध्ये आम्ही गल्लीतल्या नऊ-दहा जणांनी मिळून घरांच्या वळचणीखाली 14 पेट्या लावल्या, पाकोळ्यांसाठी. इकडे इंग्लंडात स्विफ्ट म्हणतात तो पक्षी. त्यावरून आमच्या मराठी ग्रुपवर बरंच ऐकून घ्यावं लागलं, रिकामटेकड्यांचे उद्योग वगैरे, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या ओळीतल्या जुन्या घरांची छपरं नवी केली. विटांची शंभर-सव्वाशे वर्षांची घरं, वळचणीची लाकडं कुजून फटी पडलेल्या. घरं ज्या संस्थेची आहेत तिने हिवाळ्यातच काम उरकलं, सगळीकडे पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या मारल्या, एकदम चकाचक. मे महिन्यात पाकोळ्या आल्या, आफ्रिकेतून. त्यातली एक सुसाट यायची आणि जिथे तिची फट होती तिथे थडकायची, त्या गुळगुळीत प्लास्टिकला नखांनी धरायला बघायची, घसरायची, पडता पडता सावरायची आणि मोठी गिरकी घेऊन परत तिथेच. मी खिडकीत चहा घेऊन उभी होते, कप हातातच गार झाला. चार दिवस हे चाललं, पाचव्या दिवशी ती आली नाही.

हा पक्षी झाडावर बसत नाही, तारेवर बसत नाही, जमिनीवर उतरत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनी 2016 मध्ये दाखवलं की काही पाकोळ्या सलग 10 महिने हवेतच असतात. टेकायचं फक्त घरट्यासाठी, आणि जोडी दरवर्षी त्याच भोकात येते. ब्रिटनमध्ये 1995 ते 2018 या काळात यांची संख्या 58 टक्क्यांनी घटली, 2021 मध्ये नाव लाल यादीत, म्हणजे सर्वात धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत गेलं. भोक बुजवलं तर भोक परत देणं ही आपली जबाबदारी आहे असं माझं ठाम मत आहे.

विनायक_लेस्टर:
मुक्ताताई, तळमळ कळते पण मला हे पटत नाही. पाकोळी खाते काय? हवेतले किडे. पिल्लांसाठी घशात गोळा करून आणते त्या एका गोळीत शेकडो किडे असतात. शेतात फवारण्या, बागांमध्ये प्लास्टिकचं गवत, अंगणात फरशी, मग किडे येणार कुठून? खायला नसेल तर खोली बांधून काय उपयोग. आणि पेटी लावली की लोकांना वाटतं आपलं काम झालं, मग तोच माणूस शनिवारी गुलाबावर औषध मारतो, हे मी माझ्या शेजारी डोळ्याने बघितलंय. पेट्यांचे पैसे आणि शनिवार-रविवार एखादं कुरण राखायला द्या.

दादरकर:
ताई राग मानू नका पण पक्ष्यांना घराला चिकटवून ठेवायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये कबुतरांमुळे आईच्या फुप्फुसांची वाट लागली, तीन वर्षं औषधं चालू आहेत. 2025 मध्ये कबुतरखाना बंद करताना केवढा गोंधळ झाला तो आम्ही दारातून पाहिलाय. सुरुवात अशीच असते, मुकी जनावरं आहेत, थोडी जागा द्या.

मुक्ता_रेडिंग:
@दादरकर आईंना बरं वाटो, मनापासून. पण कबुतर आणि पाकोळी यांची एका ओळीत गाठ घालू नका. कबुतर वर्षभर तिथेच, दाणे टाकले की वाढतं, खिडकीवर बसून घाण करतं. पाकोळी मेमध्ये येते आणि ऑगस्ट उजाडताना निघून जाते, तीन महिन्यांचा मुक्काम. दाणा खात नाही त्यामुळे दाणे टाकून वाढवायचा प्रश्नच नाही. पिल्लांची विष्ठा बरीचशी आईबाप स्वतःच उचलून नेतात, पेटीखालची भिंत बघून कुणाला कळणारही नाही वर कोणी राहतंय.

@विनायक किड्यांचं शंभर टक्के मान्य. पण पाकोळी किड्यांसाठी मैलोन्‌मैल जाते, पावसापाण्यात उपासमार झाली तर पिल्लं शरीर थंड करून काही दिवस तग धरतात, म्हणजे भुकेवर तिच्याकडे थोडा तरी इलाज आहे. बुजलेल्या फटीवर काहीच इलाज नाही. कुरण तयार व्हायला वर्षं जातील, पुढचा मे मात्र दहा महिन्यांवर आलाय.

ओजस_पुणे:
थोडं आपल्याकडचं सांगतो, नाहीतर घोळ होईल. आपल्याकडे जुन्या वाड्यांत, पुलांखाली, देवळाच्या कमानीत पिसं आणि काड्या लाळेने चिकटवून घरट्यांचे पुंजके असतात ती वेगळी पाकोळी, ती इथेच राहते. इंग्लंडवाली त्याच घराण्यातली पण तिला बंद पोकळी लागते. बाकी प्रश्न तोच, वाडा पाडला की पुंजका गेला. फोटो काढायला सगळे, पाडताना कोणी नाही.

मालवणी_मुलूख:
आमच्याकडे छोट्या वटवाघळालाही पाकोळी म्हणतात त्यामुळे शीर्षक वाचून क्षणभर दचकलो. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, तिथल्या गुहेत याच घराण्यातली एक छोटी पाकोळी लाळेची घरटी करते आणि ती घरटी परदेशात सुपासाठी विकायला चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे स्थानिक लोकांना हाताशी धरून काम केलं. तिथे पेटी लावली नाही कोणी, होतं ते घरटं राखलं. म्हणून मी विनायकशी अर्धा सहमत, आधी आहे ते राखा.

सुहास_साइटवर:
मी बर्मिंगहॅमला बांधकामातच आहे. एक तर शिडीवर चढून पाच मीटरवर ड्रिल मारणारे हौशी लोक बघून मला घाम फुटतो, मचाण लावल्याशिवाय हे करू नका. दुसरं, प्लायची पेटी दहा-पंधरा वर्षांत संपते, मग कोण बदलणार? तिसरं आणि महत्त्वाचं, पोकळ वीट नावाची वस्तू आहे, स्विफ्ट ब्रिक. बाहेरच्या भिंतीच्या विटांतच बसते, किंमत साधारण 30-35 पौंड, घर असेपर्यंत टिकते, देखभाल शून्य. ब्राइटनमध्ये पाच मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना 2020 पासून ती अट आहे. देशभर सक्ती करा म्हणून अर्जावर 1 लाखाच्या वर सह्या झाल्या, 10 जुलै 2023 ला संसदेत चर्चा झाली. माझं मत, स्वयंसेवकांनी पेट्या लावत बसण्यापेक्षा या सक्तीसाठी कौन्सिलच्या मागे लागावं. बिल्डर फुकट काही करत नाही, मी रोज बघतो, पण नकाशात लिहिलेलं असेल तर निमूट बसवतो.

मुक्ता_रेडिंग:
सुहास, विटेच्या बाबतीत तुमच्या बाजूने आहे, सहीही केलीय. पण वीट नव्या घरात जाते. आमची गल्ली जुनी आहे, इथे वीट कुठे घालू? आणि मचाण होतं बरं का, छपराच्या कामाला एका घरी लावलेलं तेच दोन दिवस वापरायला मिळालं, बाकी ठिकाणी शिडीवाल्या माणसाला पैसे देऊन बोलावलं. पेटीचं तोंड 65 बाय 28 मिलिमीटर, तेवढंच, भोकाची उंची त्याहून वाढवली की साळुंक्यांसारखे मोठे पक्षी घुसतात. आत एका कोपऱ्यात वाटीसारखा खळगा कोरलाय म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. दक्षिणेकडे तोंड नको, उन्हाने पिल्लं भाजतात. सकाळ-संध्याकाळ छोट्या स्पीकरवर त्यांचाच आवाज लावतो म्हणजे जागा शोधणाऱ्या तरुण पाकोळ्यांना कळतं इथे वस्ती आहे.

विनायक_लेस्टर:
आणि 14 पैकी किती भरल्या?

मुक्ता_रेडिंग:
पाकोळ्या एकही नाही. तीन पेट्यांत चिमण्या.

विनायक_लेस्टर:
हेच म्हणत होतो.

साने_ऑक्सफर्ड:
विनायक, पहिल्या वर्षावरून निकाल लावू नका. आमच्याकडे विद्यापीठाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मनोऱ्यात हवा खेळायच्या झरोक्यांमागे पेट्या आहेत, 1948 पासून तिथे पाकोळ्यांचा अभ्यास चाललाय. म्हणजे पेटीत राहत नाहीत असं काही नाही. वेळ लागतो कारण पाकोळी साधारण चार वर्षांची झाल्यावर अंडी घालते, त्याआधी एक-दोन उन्हाळे नुसती जागा हेरत फिरते. आणि चिमणी आली तर वाईट काय, ब्रिटनच्या लाल यादीत चिमणीही आहे. आपल्या नाशिकहून मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरटी लोकांच्या बाल्कनीत पोचवली तेव्हा आपण कौतुकच केलं ना?

सुहास_साइटवर:
कौतुक केलं, पण बाल्कनीतल्या किती घरट्यांत चिमणी आली ते कोणी मोजलं? मोजा म्हणतोय, बंद करा म्हणत नाही. आणि एक सूचना. छपराचं काम सुरू व्हायच्या आधी, घरं ज्या संस्थेची आहेत तिला पत्र द्या. वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण हिवाळ्यात घरटं रिकामं असतं म्हणून सगळं काम तेव्हाच उरकतात आणि कायदा काही करू शकत नाही. त्यासाठी कुठल्या घरात कुठे फट आहे याची यादी उन्हाळ्यातच करून ठेवायला लागते. स्वयंसेवकांचं खरं काम तिथे आहे.

मुक्ता_रेडिंग:
ही यादी करतोय आम्ही. संध्याकाळी नऊच्या सुमाराला खुर्च्या टाकून बसायचं, कोणती पाकोळी कुठे शिरते ते बघायचं. आत जाताना एक सेकंदही लागत नाही, डोळा लवला की गेली. आतापर्यंत सात फटी सापडल्यात, त्यातल्या दोन घरांची छपरं पुढच्या वर्षी बदलणार आहेत, त्या घरमालकांशी बोलणं झालंय, फटी तशाच ठेवायला तयार आहेत.

दादरकर:
तुमच्या आवाजाच्या स्पीकरला शेजारी काही म्हणत नाहीत का?

मुक्ता_रेडिंग:
एक बाई म्हणाल्या, दुपारी बाळ झोपतं. दुपारी बंद ठेवतो.

मुक्ता_रेडिंग (19 जुलै):
काल रात्री नऊ वीसला सहा-सात जणींचा थवा किंचाळत गल्लीतून गेला, छपराच्या उंचीने, आणि त्यातली एक 6 नंबरच्या पेटीच्या तोंडाला येऊन लटकली. शेपटी भिंतीला टेकवून, डोकं भोकात. मी मनात चारपर्यंत आकडे मोजले. मग गेली.

विनायक_लेस्टर:
आत गेली नाही ना. पुढच्या मेमध्ये सांगा. आणि तीन चिमणीवाल्या पेट्यांत किती पिल्लं झाली तेही लिहून ठेवा, सुहास म्हणतात ते बरोबर आहे.