कर्टलंड्स आणि गोल्डन-चीक्ड वार्बलर: एकच उपाय दोघांना लागू पडत नाही
‘जंगलाला हात न लावणे हाच या दोन्ही वार्बलरांना (अमेरिकेतल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांना) वाचवण्याचा उपाय आहे’ या मताशी मी अंशतःच सहमत आहे. गोल्डन-चीक्ड वार्बलरबाबत ते खरे आहे, कारण केवळ मध्य टेक्सासमध्ये वीण करणारा हा पक्षी ॲश ज्युनिपर या झाडाच्या जुन्या खोडांवरील सालीच्या पट्ट्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून घरटे विणतो. अशी साल कोवळ्या झाडावर मिळत नाही, त्यामुळे तोडलेले रान पुन्हा उपयोगी पडायला अनेक दशके जातात.

कर्टलंड्स वार्बलरची गरज नेमकी उलट आहे. तो मुख्यतः मिशिगनमध्ये, साधारण 5 ते 20 वर्षे वयाच्या जॅक पाइन या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानात जमिनीवर घरटे करतो. हे रान पूर्वी वणव्यांमुळे नव्याने उगवत असे. वणवे आटोक्यात आल्यावर ते म्हातारे होत गेले आणि 1974 व 1987 मध्ये गाणारे नर जेमतेम 167 मोजले गेले. टप्प्याटप्प्याने तोड व लागवड, तसेच त्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काउबर्डचे नियंत्रण, यांमुळे तो सावरला आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून वगळला गेला. ही सुटका मला विलक्षण दिलासा देते. मात्र लागवड थांबली, तर तिचा पायाच निसटेल. गोल्डन-चीक्ड मात्र 1990 पासून त्या यादीत आहे.